पुण्यावाली परत गेली का?

यमुनाबाई, चारचौघींत मी तुला 'तुम्ही' म्हणत असे आणि भांडण लागले की 'तू'. आज 'तू'च म्हणते.

परवा तुझे तेरावे झाले. पंगत नीट उठली. भात थोडा मऊ झाला होता, पण नवा तांदूळ तसाच शिजतो. तुझे यजमान मला म्हणाले, "अनसूयाबाई, तुम्ही तिच्याविषयी दोन शब्द बोला." मी म्हटले, "आधी वाढू द्या." पाने मांडलेली असताना भाषण करणारी माणसे मला आवडत नाहीत. शिवाय मला बोलायचे होते ते तुझ्याविषयी नाही, तुझ्याशी. आणि त्यातले निम्मे तरी भांडण. ते तुझ्या सासरच्यांनी कशाला ऐकावे?

सगळ्या बायका म्हणत होत्या, यमुनाबाई फार प्रेमळ. होतीस. पण तू हट्टीही होतीस, मशेरी लावून तासभर बोलत नव्हतीस, आणि पुस्तक वाचताना खोटे बोलत होतीस. हे शेवटचे मी तुझ्या तोंडावर सांगितले होते, म्हणून माघारी सांगायला मला संकोच नाही.

दुपारची जेवणे आटोपली की मी आणि आमच्या गावची कलाबाई कुडव्याहून चालत तुझ्या रेल्वेच्या क्वार्टरकडे निघायचो. बाजारातून चंपाबाई यायची, कापडवाल्या सेठची बायको. तिला मराठी सगळे कळायचे आणि बोलायची मात्र हिंदी. मागच्या पडवीत आपण बसायचो. पुस्तक एक आणि वाचणारी एक, तेव्हा बाकीच्यांचे हात रिकामे राहायला नकोत, हा तुझा कायदा. कोणी सुपात तांदूळ घेई, कोणी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोली. इंजिनाने शिटी दिली की तू शब्दावर बोट ठेवून थांबायचीस, आणि शिटी संपली की उरलेल्या अर्ध्या शब्दापासून पुढे. गिऱ्हाइकाची वाट पाहावी तशी शिटी संपायची वाट पाहणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

दुसरा कायदा जास्त कडक. वाचून झाले की प्रत्येकीने आपले मत सांगायचे, आणि 'छान आहे' एवढे म्हणून सुटायचे नाही. जी 'छान' म्हणेल तिने सगळ्यांचा चहा करायचा. पहिले कितीतरी दिवस चहा मीच केला. मला कादंबरीचे काय मत असणार? आमचे हे गेल्यापासून धानाचा व्यवहार मी पाहते. माल हातात घेऊन दाताखाली दाणा फोडला की मला मत येते. कागदावरच्या माणसाला दाताखाली कसा फोडायचा?

तू शिकवलेस. तो एक नायक आठव, जो दोन बायकांपैकी कोणती, हे ठरवायला सगळे पुस्तक खर्च करतो. तुझ्या डोळ्यांना पाणी आले होते. चंपाबाई म्हणाली, "इतना सोचता है तो दुकान कब खोलता है?" कलाबाई म्हणाली, "दोघींनीबी सोडून देल्लं पायजे त्याले. बसू दे एकटा." मी विचारले की हा माणूस दिवसभर करतो काय, आणि त्याला जेवायला कोण घालते. तू डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "अनसूया, हेच मत. आज चहा माझ्याकडे." त्या दिवशी मला फार बरे वाटले होते. तेव्हा सांगितले नाही, आता सांगते.

मग ते शाळेचे पुस्तक आले. नवऱ्याने टाकलेली बाई शेवटी गावात मुलींची शाळा काढते, असे तू वाचलेस. सगळ्या खूश. मला मात्र एक गोष्ट खटकली. शाळेला जागा कोणी दिली, ते आलेच नव्हते. जागा म्हटली की पाटील आला, भाऊबंद आले, रस्त्याचा तंटा आला. म्हणून मी पुस्तक घरी नेले आणि शोधले. जागा सापडली नाही, शाळाही सापडली नाही. ती बाई तर क्षयाने मरून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी लवकर आले. तू न्हाऊन केस वाळवत होतीस.

"शाळा कोणत्या पानावर आहे?" मी विचारले.

तू लगेच ओळखलेस. लाजलीसुद्धा नाहीस. "नाहीये."

"मग वाचलीस कशी?"

"अगं, त्या बायका इथून उठून घरी जातात आणि चूल पेटवतात. कलाबाईंना रात्री बाराजणांचं करायचं असतं. त्यांना मी असं मारून घरी पाठवू?"

"मी बाजारात तांदूळ विकते. वर चांगला माल आणि खाली कणी भरली, तर तू मला काय म्हणशील?"

"मी उलटं करते. खाली चांगला भरते."

"पोतं स्वतः सांगतं का, की मला उलटं भरलंय? विकणाऱ्याने सांगायचं असतं."

त्यावर तू म्हणालीस, "तुला पुस्तक म्हणजे माप वाटतं." मी म्हटले, "छापलेलं आहे ना? मग मापच." त्या दिवशी तुझी पडवी भरली तरी आपण दोघी एकमेकींशी बोललो नाही. बाकीच्यांना मी काही सांगितले नाही. ते आपल्या दोघींतले होते. पण तू पुढेही तसेच करत राहिलीस हे मला कळत होते, कारण पुढची पुस्तकेही मी घरी नेऊन वाचली, आणि कुठल्याच कादंबरीतली बाई तुझ्याकडे मरत नव्हती.

आता शेवटच्या पुस्तकाकडे येते.

दिवाळीला गोदावरी माहेरी आली. माझ्या शेजारची पोर, माझ्यासमोर मोठी झालेली, म्हणून मला मावशी म्हणते. केशोरीला दिली तिला, चांगले धानाचे घर बघून. दिवाळी सरली, धान कापून झाले, मळणी झाली, तरी ती जायचे नाव काढीना. मी तिला पडवीत घेऊन आले, कारण घरात तिची आई सारखी रडायची आणि रडण्याने कोणाचे काम होत नाही. शेंगा सोलताना तिची बाही वर सरकली आणि आपण चौघींनी तो हात पाहिला. कोपराखाली जळते लाकूड टेकवल्यासारखा डाग. कलाबाईने विचारले, "हे काऊन व?" पोर म्हणाली, "चुलीवर पडली." कलाबाई म्हणाली, "चूल का उभी राहून मारते?" तिने बाही खाली ओढली. तू पुस्तक उघडलेस आणि वाचायला लागलीस.

ते पुस्तक तू मुद्दाम आणले होतेस का? हे मला विचारायचे होते, राहून गेले. त्यातली नायिका पुण्याची. सासूचा छळ, नवरा तोंड फिरवणारा, आणि ती एक दिवस बापाकडे निघून येते. कलाबाईने तिचे नाव 'पुण्यावाली' ठेवले. गोदावरी कधी मत सांगत नव्हती, तिला आपण सूट दिली होती, पण शेंग हातात तशीच धरून ऐकायची. तू वाचत वाचत तिथवर आलीस, जिथे सासरची गाडी पुण्यावालीच्या बापाच्या दारात उभी राहते. तिथे तू पुस्तक मिटलेस. अंगात कसकस आहे म्हणालीस.

मी तुला भेटायला आले तेव्हा ताप चढलेला होता. उशाशी पुस्तक. मी म्हटले, "पुढचं मी वाचून दाखवते, तू पडून राहा." तर तू माझा हात धरलास. तापाने हात भाजत होता.

"तू नको. मी उठेन, मी वाचीन."

"शेवट वाईट आहे का?"

"चांगला आहे," तू म्हणालीस. "म्हणून तर."

मला तेव्हा उलगडा झाला नाही. ताप डोक्यात गेला असे समजून मी कपाळावर पट्टी ठेवली. तू पुन्हा उठली नाहीस.

तुझ्या यजमानांनी ते पुस्तक माझ्या हातात दिले, वाचनालयात परत करायला म्हणून. मी तेराव्यानंतर दिवा लागायच्या आत वाचून काढले. पुण्यावाली परत जाते. गाडीत बसते, सासूच्या पाया पडते, नवऱ्याला देवी येतात, ती अहोरात्र त्याची सेवा करते, नवरा रडतो, सासू किल्ल्यांचा जुडगा तिच्या पदराला बांधते, सगळीकडे आनंद. संपले.

आता कळले मला तुझे 'म्हणून तर'.

काल सकाळी मी अंगणात पोती मोजून घेत होते तेव्हा गोदावरी आली.

"मावशी, पुस्तक तुमच्याकडं हाय नं?"

"आहे."

"पुण्यावाली परत गेली का?"

"का गं?"

"उद्या मले न्यायले येऊन राहिले. सासरा अन् भासरा. आगगाडीनं येनार, ठेशनावरून टांगा करतीन. निरोप आला." मग अगदी सरळ, भाव विचारावा तसे म्हणाली, "ते गेली असंन त मीबी जाईन. नाई गेली असंन त नाई म्हनीन."

"पुस्तकात बघून कोणी संसार करतं का?"

"मंग कोनाले विचारू? आई रडते. बाप म्हनते, पाठच्या पोरीचं लगन व्हायचं हाय, तूच पाय. यमुनाकाकूंनी वाचलेल्या सगळ्या बाया शेवटाले सुखी होत होत्या. ज्यानं ज्यानं जे केलं ते बरोबर निंगत होतं. म्हून विचारते."

यमुना, तिथे त्या पोत्यांत मला तुझा इतका राग आला! तू तिला असा भरवसा देऊन ठेवलास आणि निघून गेलीस. मी म्हटले, "दुपारी ये. माझ्याकडेच बसू. सगळ्या येतील."

दुपारपर्यंत मी कामे केली आणि तुझ्याशी भांडले. एक मार्ग सोपा होता. पुण्यावाली गाडीत बसत नाही, असे वाचायचे. गाडी परत जाते, एवढीच दोन वाक्ये. कोण तपासणार होते? मी भाकरी थापता थापता ती वाक्ये तोंडात घोळवून पाहिली. जिभेवर बसेनात. तुला ते जमत होते, कारण तुझे मन त्या माणसांत होते. मला दिसत होते की उद्या ती पोर माझ्या खोट्यावर उभी राहणार, आणि परवा कोणी शिकलेला भाचा-पुतण्या तिला खरे पान दाखवणार. मग तिने कशावर उभे राहायचे? आणि दुसरीकडे, खरे वाचले तर ती सकाळी टांग्यात बसणार. तू असतीस तर मला मूर्ख म्हणाली असतीस. तरीही मी छापलेले वाचायचे ठरवले. ह्यावर आपला वाद अजून मिटलेला नाही, हे लक्षात ठेव.

चंपाबाई आली, कलाबाई आली. गोदावरी खांबाला टेकून बसली. मी वाचले. माझे वाचन तुला ठाऊक आहे, दगडांवरून बैलगाडी गेल्यासारखे. पाया पडणे वाचले, देवी वाचल्या, किल्ल्या वाचल्या. पुस्तक मिटले तेव्हा कोणाचेही सूप हलत नव्हते.

गोदावरी उठली. पदर झटकला. "मंग जाते मी. बोचके बांधाचे हायेत."

"बस," मी म्हटले. "मत सांगायचं राहिलं आहे. कोणी उठायचं नाही."

ती बसली. माझ्या आवाजाला घाबरून बसली असेल, पण बसली.

पहिली चंपाबाई. "बीमार पड़ा तो सुधर गया? मेरा वाला तो हर बरसात में बीमार पड़ता है. उठते ही पहले पूछता है, अचार में नमक कम क्यूँ है. ये लिखने वाले ने कोई मरद देखा है कि नहीं?"

"तो सोताच मरद हाय," कलाबाई म्हणाली. "लिहनारा. त्याले का, किल्ल्या बांधून देल्ल्या अन् गेला जेवाले." मग तिने माझ्याकडे रोखून पाहिले. "पन हा शेवट यमुनाबाईच्या शेवटासारखा नाई वाटत."

तुझे गुपित मी इतकी वर्षे राखले होते.

"सांगा नं, काऊन गप्प बसल्या? आमाले का मालूम नोहतं? शेवटाशेवटाले बाई पानच उलटवत नोहती. एकाच पानावर घंटा-घंटा वाचे. आमाले वाचता येत नाई, दिसते मात्र."

"हौ," चंपाबाई म्हणाली. "आँखें भी बंद रहती थीं."

तू ऐकलेस का? सगळ्यांना माहीत होते. मी एकटी चोरासारखी तोंड दाबून बसले होते. मला हसू आले आणि मग रडू. स्मशानात तुला नेले तेव्हा नाही, तेराव्यालाही नाही, तिथे आले. कलाबाई म्हणाली, "आमी मुकाट्यानं आयकत होतो. ते इतक्या मनानं जगवत होती त्या बायांले, कायले मोडावं?"

माहीत नव्हते ते फक्त गोदावरीला. ती एकीकडून दुसरीकडे बघत होती. "म्हंजे त्या सगळ्या बाया..."

"निम्म्या मेल्या," मी म्हटले. "एक क्षयाने, दोन विहिरीत. एक वेडी झाली."

तिचा चेहरा पांढरा पडला. मी तिला तेवढ्यावर सोडले नाही. म्हटले, "आता माझं मत ऐक. हे पुस्तक छापलेलं आहे, मी अक्षर न अक्षर वाचलं, आणि हे खोटं आहे. लाकडाने भाजणारी सासू किल्ल्या बांधत नाही. मी एवढी वर्षं माल पाहते, वरून चकाकणारा तांदूळ आतून किडका असला की मला वासाने कळतो. हा तसा आहे." असे मत मी पूर्वी कधी दिले नव्हते. छापलेले आणि खोटे, ही दोन्ही एका वाक्यात मी पहिल्यांदा बोलले. तुला ऐकायला हवे होते, आणि नेमकी तूच नव्हतीस.

"मंग मी कोनाचं पाहून ठरवू?" पोरीने विचारले.

कलाबाईने तिचा हात ओढला आणि बाही कोपरापर्यंत वर सारली. "हे पाय. हे कोनं लिवलं?"

गोदावरी आपल्या हाताकडे बराच वेळ पाहत राहिली, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. मग म्हणाली, "सासूनं. अन् त्यानं मले धरून ठेवलं होतं."

तुझ्या पडवीत इतके दिवस बसून तिने दिलेले हे पहिले मत. चहा कोणी करायचा हे ठरले नाही, शेवटी चंपाबाईनेच चूल पेटवली.

आज सकाळी टांगा आला. आम्ही तिघी सुपे घेऊन गोदावरीच्या ओसरीवर आधीच बसलो होतो. आम्हाला कोणी बोलावले नव्हते. सासरा उतरला, पागोटे नीट केले आणि आम्हाला पाहून थबकला.

"ह्या बाया कायले बसल्या?"

"पोपट सोलून राहिलो," कलाबाई म्हणाली. "तुमाले दिसत नाई?"

बापाने त्यांना खाटेवर बसवले. पाणी दिले. भासऱ्याने, नवऱ्याच्या थोरल्या भावाने, बोचके कुठे आहे विचारले. गोदावरी आतून आली, उंबऱ्यावर उभी राहिली. मला वाटले, हिची वाचा बसणार. ती बोललीच नाही. बाही वर केली आणि हात बापाच्या पुढे धरला. सासऱ्याच्या पुढे नाही, बापाच्या. त्याने तो डाग आजवर पाहिला नव्हता. पोरीच्या हाताकडे बाप कशाला पाहील?

सासरा म्हणाला, "सैपाक करताना होते असं."

बाप उभा राहिला. दुबळा माणूस, कधी मोठ्याने बोलत नाही. म्हणाला, "चहा घ्या अन् जा."

"पंचाईत बसवीन मी! जातीत तोंड दाखवता नाई येनार तुमाले!"

"बसवा," बाप म्हणाला.

ते चहा न घेता गेले. जाताना भासरा माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ह्या बुक वाचनाऱ्या बायांनी बिघडवली." मी म्हटले, "बुकात तर परत जा म्हणूनच लिहिलंय." त्याला काही कळले नाही.

पंचायत बसेल, यमुना. तो माणूस नुसते बोलणारा नाही. धाकटीचे लग्न अडेल, बाप चार दिवसांत पुन्हा मऊ पडेल, गावात बोलतील. जेवढे पुढचे दिसते तेवढे काही चांगले दिसत नाही. हे सगळे माझ्या डोक्यात चालू असताना गोदावरी माझ्या शेजारी येऊन बसली. सूप ओढले, एक शेंग घेतली, पण तिला ती फोडता येईना.

"मावशी," ती म्हणाली, "पुढं चांगलं होईल नं?"

"होईल," मी म्हटले. "चांगलंच होईल."

इतक्या ठामपणे म्हटले, की कलाबाईने शेंगांवरून मान वर करून माझ्याकडे पाहिले.